चाकांचा पाट

शेखर गायखे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी शाळेच्या व्हॅनमधून कामाला जायचा, आणि त्यात त्याची काही हौस नव्हती. अंबडच्या एका कारखान्यात तो टूलरूमचा सुपरवायझर होता. हाताखाली दहा-बारा माणसं. त्या माणसांच्या डोळ्यांदेखत रोज सकाळी फाटकासमोर पिवळी व्हॅन थांबायची, पहिलीतली दोन पोरं खाली उतरून वाट करून द्यायची आणि आतून साहेब बाहेर पडायचे. कधी गळ्यात कुणाच्या तरी पाण्याच्या बाटलीचा पट्टा अडकलेला असायचा. मागून "बाय काका!" असा एकच गलका. कारखान्यात त्याचं नाव 'पहिली ब' पडलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण असली नावं ज्याची त्याला बरोबर कळतात.

हे सगळं त्याच्या आईच्या नवसापायी. तीन वर्षांपूर्वी पाथर्डी फाट्यापाशी वाळूवरून त्याची मोटारसायकल घसरली आणि खांद्याचं हाड मोडलं. हाड दीड महिन्यात जुळलं, चिमणाबाई मात्र सावरल्या नाहीत. त्यांचा नवरा सायखेड्याहून राजदूत मोटारसायकलवर बसून निफाडच्या बाजाराला गेला होता, तो परत आलाच नाही. शेखर तेव्हा नववीत होता. त्यामुळे लेकाचा हात गळ्यात अडकवलेला पाहिला तशी ही बाई वणीच्या गडावर अनवाणी चढली आणि देवीला म्हणाली, "माझं लेकरू धड होऊ दे, आई. परत दुचाकीला हात लावायचा नाय ते." नवस आईने बोलायचा आणि लेकाने फेडायचा, अशी वाटणी झाली.

चारचाकी घ्यावी, तर सिडकोतल्या त्यांच्या गल्लीत समोरासमोरून दोन म्हशी आल्या तरी एकीला मागे जावं लागतं. गाडी लावणार कुठे? रिक्षावाले चिमणाबाईंच्या मते सगळेच्या सगळे यमाचे भाचे. चालत जावं, तर अर्धा तास आधी उठायला हवं, आणि लवकर उठणं शेखरच्या रक्तातच नव्हतं. शेवटी चिमणाबाईंनीच तोड काढली. शाळेची व्हॅन चालवणारा सावळीराम त्यांच्या सायखेड्याचा. शाळा कारखान्याच्या पुढे. आणि लेकरं असतात म्हणून सावळीराम गाडी अशी चालवायचा, की सायकलवाले त्याला घंटी वाजवून पुढे जायचे. "लेकरांत बसून जा," चिमणाबाई म्हणाल्या. "लेकरांना देव सांभाळतो, त्यांच्यासंगं तुला बी सांभाळंल."

तीन वर्षं शेखरने मुकाट्याने काढली. मग एका सोमवारी नवीन आलेल्या ट्रेनी मुलाने अगदी साध्या चेहऱ्याने विचारलं, "सर, तुमच्यात पालकसभा कधी असते?" आख्खी टूलरूम मशीनच्या आड तोंड लपवून हसली. त्या संध्याकाळी शेखर जेवला नाही.

जेवला नाही म्हणून माळ्यावर काहीतरी शोधत बसला. काय शोधत होता ते त्यालाही माहीत नव्हतं. हाताला लागला लेकीचा, आरोहीचा स्केटबोर्ड. लॉकडाउनमध्ये पोरीने हट्टाने घेतला होता. आता ती कॉलेजात गेली आणि बोर्ड माळ्यावर. शेखरने तो उलटा केला, चाकं फिरवली आणि मोजली. चार होती. देवीशी बोलणं झालं होतं ते दुचाकीबद्दल. चारचाकीचा विषयच निघाला नव्हता. आणि ही चारचाकी खाटेखाली मावत होती.

जो माणूस चालत जायचं म्हणून अर्धा तास लवकर उठत नव्हता, तो आता पडायला म्हणून भल्या पहाटे उठू लागला. आईला सांगितलं, डॉक्टरने फिरायला सांगितलंय. बापलेक गोविंदनगरच्या जॉगिंग ट्रॅककडे जायचे. तिथल्या सिमेंटच्या रस्त्यावर शेखर डोक्यावर जुनं हेल्मेट, गुडघ्यांना पोरीचे जुने पॅड बांधून उभा राहायचा. उभा राहायचा म्हणजे एक पाय फळीवर ठेवायचा, दुसरा उचलायचा, की फळी वरखेडला आणि शेखर वणीला. पलीकडे हास्यक्लबचे आजोबा रोज हात वर करून खोटं खोटं हसायचे. पहिल्या आठवड्यात त्यांना प्रथमच हसायला कारण मिळालं. एकाने तर येऊन सांगितलं, "उद्या पण या हो. आमच्यात दोन मेंबर वाढले."

"पप्पा, गुडघे वाकवा," आरोही ओरडायची. "अहो, एवढे नाही! पुढे बघा. पायाकडे नका बघू. पाय कुठे पळून जात नाहीत."

"पायच पळून चाललेत ना!"

"मनगट सोडा माझं. रक्त थांबलंय."

"तू सोडू नको. सांगितल्याशिवाय सोडू नको."

"तुम्ही मला सायकल शिकवताना सांगून सोडली होती का?"

आणि तिने सोडलंच. शेखर सुसाट निघाला, ट्रॅकवरच्या दोन बायका जीव मुठीत धरून कडेला झाल्या, एक कुत्रं उठून सभ्यपणे बाजूला सरलं, आणि शेवटी गवतात उतरून तो आडवा झाला. आकाशाकडे बघत पडल्या पडल्या त्याला जाणवलं, की आज तीन वर्षांनी तो कुणाच्याही आधाराशिवाय कुठेतरी गेला होता. गवतात का होईना. त्याला इतका आनंद झाला की कोपरातून रक्त येतंय हे आरोहीने सांगेपर्यंत कळलंही नाही.

दिवाळी आली तोवर शेखर बऱ्यापैकी चालवू लागला. वळायला जमू लागलं. मागचं टोक पायाने दाबून थांबायलाही जमू लागलं, आणि आरोहीच्या मते अर्धी विद्या हीच. ठरलं असं, की भाऊबीज झाल्यावर कारखाना उघडेल त्या दिवशी फळीवरून कामाला जायचं. एवढंच राहिलं होतं की आईला सांगायचं. तिथे मात्र गाडी अडली. शेखरला देवीची भीती नव्हती. देवीशी चार चाकांचा हिशेब करता आला असता. त्याला भीती होती आईच्या चेहऱ्याची. हात गळ्यात बांधून तो दवाखान्यातून घरी आला, तेव्हा तो चेहरा त्याने पाहिला होता. पुन्हा पाहायची त्याची छाती नव्हती.

आणि तेवढ्यात दिवाळीच्या साफसफाईत चिमणाबाईंचा झाडू खाटेखाली गेला.

"शेखर, हे रं काय?"

शेखरच्या तोंडचं पाणी पळालं. "पाट आहे, आई."

"चाकांचा?"

"नवीन निघालेत. गुडघे दुखणाऱ्या लोकांसाठी. बसल्या बसल्या सरकता येतं, उठावं लागत नाही."

"आणि वर हा घासकागद कशाला?"

"घसरू नये म्हणून," शेखर म्हणाला. त्या संबंध दिवसात तो एवढं एकच खरं बोलला.

चिमणाबाईंनी पाट उलटापालटा केला, चाकं फिरवून पाहिली आणि कौतुकाने मान हलवली. "लय डोकं चालवत्यात लोकं. जरा अरुंद हाय, पण चालंल." मग त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसून देवघराशेजारी उभा करून ठेवला. शेखरने मनात म्हटलं, भाऊबीज झाली की सांगू.

भाऊबीजेला शेखरची बायको संजना आरोहीला घेऊन ओझरला आपल्या भावाकडे गेली. इकडे मनमाडहून चिमणाबाईंचा धाकटा भाऊ पुंजा आला. पुंजामामा रेल्वेत गार्ड होते. जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागे पळणारे रूळ बघत आलेले. सत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळे आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. शेखर श्रीखंड आणायला चौकात गेला होता. आता अशा भावासाठी बहीण कोणता पाट मांडेल? चिमणाबाईंनी चाकांच्या पाटावर खणाचा तुकडा अंथरला, भोवती रांगोळी काढली आणि पूर्वेकडे तोंड करून मामांना बसवलं. पूर्वेकडे तोंड म्हणजे दाराकडे पाठ. आणि त्या घराच्या फरशीला, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून, गवंड्याने दाराकडे चांगला उतार दिलेला.

कुंकू लागलं तोवर सगळं ठीक होतं. अक्षता लागल्या. मग चिमणाबाईंनी निरांजन ओवाळायला ताट पुढे केलं, आणि डोळ्यांसमोर ज्योत आली म्हणून मामा जरासे मागे रेलले.

पाट निघाला.

"अक्का," मामा शांतपणे म्हणाले, "गाडी हलली."

चिमणाबाईंच्या हातात पेटलेलं ताट. ते टाकता येईना, निरांजन विझलं तर अपशकुन, आणि भाऊ तर चालला. त्या ताट सावरत मागे निघाल्या, "अरे पुंजा, थांब! अरे ओवाळायचं राह्यलंय!" मामा कसले थांबतात? रांगोळी मोडून, उंबरा नसलेल्या दारातून ते उलटे ओसरीवर गेले. उलटं जायची त्यांना जन्माची सवय; सवयीनेच त्यांनी उजवा हात वर करून सगळं ठीक असल्याची खूण केली. ठीक काही नव्हतं. ओसरीपुढे तीन पायऱ्या होत्या.

त्याच पायऱ्या चढून शेखर श्रीखंडाचा डबा घेऊन येत होता. त्याने वर पाहिलं तर मामांची पाठ त्याच्याकडे धावत येत होती. विचार करायला वेळच नव्हता. डबा फेकून त्याने पाय उचलला आणि फळीचं टोक असं दाबलं, की पुढची चाकं उचलली गेली, फळी जागच्या जागी थांबली आणि मामा अलगद त्याच्या छातीवर टेकले.

"टायमात पोचली," मामा म्हणाले.

चिमणाबाईंनी आधी ओवाळून घेतलं. काहीही होवो, ओवाळणी अर्धी राहायला नको. मग ताट खाली ठेवलं आणि लेकाच्या पायाकडे पाहिलं. पाय अजून फळीवर होता, आणि असा काही आरामात होता, की जणू रोजचाच.

"पाट थांबवायला शिकलास कुठं?"

शेखरने सगळं सांगितलं. ट्रॅक, आरोही, हास्यक्लब, कोपर, पहिली ब. सांगताना चव्वेचाळीस वर्षांच्या त्या माणसाचा आवाज चक्क रडका झाला. "आई, मी तुझा शब्द मोडला नाही. चार चाकं आहेत. मोज पाहिजे तर."

चिमणाबाई खाली बसल्या आणि खरंच मोजली. एकेका चाकाला बोट लावून.

"देवीचं सोड," त्या म्हणाल्या. "देवीला मी समजावीन. ती बी आईच हाय. मला भ्या देवीचं नाय रं, रस्त्याचं वाटतं. तुझा बाप सकाळी असाच दारातून गेला, आन् मी चुलीपाशी होते. वळून बघितलं बी नाय मी. तवापासून जो जाईल त्याला दिसंनासा होईस्तोवर बघते. व्हॅनमधी तू बसला की मला वाटायचं, चला, कुणीतरी संगं हाय."

शेखरने आईचा हात धरला. मामा पायरीवर बसून डब्याच्या झाकणाला लागलेलं श्रीखंड बोटाने खात होते. ते म्हणाले, "अक्का, गार्डाने झेंडी दाखवली नाय, तर गाडी ठेसनातच गंजून जाते."

चिमणाबाई त्यांच्यावर खेकसल्या, "तू गप, तुला आत्ताच पाटावरनं वाचवलाय." पण त्या रात्री त्यांनी शेखरचं हेल्मेट स्वतःच्या हाताने पुसलं.

कारखाना उघडला, शाळाही उघडली, त्या सकाळी गल्लीत सगळे दारात आले होते. चिमणाबाईंनी फळीला हळदकुंकू वाहिलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला गेल्या, तर आरोहीने हात जोडून थांबवलं. "आजी, त्या लिंबावरून पप्पाच घसरतील." मग लिंबू शेखरच्या खिशात गेलं. शेखर निघाला. कोपऱ्यावर वळताना त्याने मागे पाहिलं, तर दारात संजना होती, आरोही होती, आई नव्हती. रागावली असेल. बघवत नसेल.

खड्डे चुकवत, ट्रकांना वाट देत, एका गायीला मान तुकवून तो जात राहिला. मागून कुणीतरी सारखं संथपणे येत होतं. ना पुढे जात होतं, ना हॉर्न देत होतं. फाटकापाशी त्याने टोक दाबलं, फळी थांबली, आणि टूलरूमची सगळी माणसं तोंड उघडं टाकून उभी राहिली. कुणी हसलं नाही. तेव्हा त्याने वळून पाहिलं.

सावळीरामची पिवळी व्हॅन होती. आत पोरांच्या गर्दीत, शेखरच्या नेहमीच्या जागेवर चिमणाबाई बसल्या होत्या. मांडीवर कुणाचं तरी दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. घरापासून इथवर त्यांनी त्याच्यावरची नजर काढली नव्हती. डोळे पाण्याने भरले होते, आणि पोरं त्यांच्या कानाशी "बाय काका!" म्हणून ओरडत होती.

"पोचलास?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"पोचलो, आई."

चिमणाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पुढे वाकून सावळीरामच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल बाबा," त्या म्हणाल्या. "आन् उद्यापासनं ही जागा एखाद्या लेकराला दे."