गुडघ्यातला वात

धोंडूबाईने पोरीच्या अंगातला वात हुसकून लावला, असं दहिवलीत चार वर्षं सांगत होते आणि धोंडूबाई ते मान डोलावून ऐकून घेत होती. का घेऊ नये? लेक चिंधी तापाने फणफणली तेव्हा आधी तिचा उजवा गुडघा सुजला. गावात डाग देणारा म्हणजे बुधाजी. त्याने हळकुंड पेटवून गुडघ्याला चटका दिला, तर दुखणं घोट्यात उतरलं. घोट्याला डाग दिला, ते कोपरात गेलं. तिथून मनगटात. बुधाजी कंटाळला, म्हणाला, आता आपसूक जाईल. पण धोंडूबाई कसली गप्प बसते! मनगटाला तिने स्वतःच्या हाताने डाग दिला आणि दुखणं जे गेलं ते गेलंच. पुढच्या सणाला पोर फुगड्या घालत होती.

यंदा भातकापणीला मात्र चिंधी बांधावर बसली ती उठेचना. चार पावलं चालली की धापा टाकायची. ओठ निळसर, पाय सुजलेले. आडवं पडलं की जीव घुसमटायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायची. लग्न टाळायला सोंग करते, असं शेजारची सोनुबाई म्हणाली. तिला धोंडूबाईने असं काही फैलावर घेतलं की तिने पाणवठ्याची वाटच बदलली. बोलून राग निवला, पोरीची धाप काही निवेना. शेवटी नवरा कान्हा याने बैलगाडीत पेंढा अंथरला आणि तिघं कर्जतला टिपणीस डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी चिंधीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, सांध्यांवरचे जुने डाग पाहिले आणि ते कसले म्हणून विचारलं. धोंडूबाईने मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कान्हाला पोरीला घेऊन गाडीत बसायला सांगितलं, धोंडूबाईला मात्र थांबवून घेतलं.

सांध्यांचं ते दुखणं आणि हे दुखणं एकच, असं डॉक्टर म्हणाले. त्या तापाने सांधे सोडले, पण हृदय धरलं. हृदयात रक्त जायला दारं असतात. चिंधीचं एक दार कडक होऊन आकसलंय, नुसती फट उरली आहे. रक्त पुढे सरत नाही, मागे तुंबतं.

धोंडूबाई आपल्या हाताकडे बघत राहिली. गुडघा, घोटा, कोपर, मनगट. मनगटातून तिने हाकललं, मग ते जाणार कुठे?

"मीच घातलं तिथं," ती म्हणाली. "आता परत गुडघ्यात आना. लंगडी झाली तरी चालंल. मी काखेत घेऊन फिरवीन तिला."

डाग दिला नसता तरी हेच झालं असतं, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. मेलेल्याच्या घरी लोक असंच गोड बोलतात, हे तिला ठाऊक होतं. ती पायरीवर बसून राहिली आणि डॉक्टरांकडे नुसती बघत राहिली. ते बघणं त्यांना सोसेना, म्हणून बोलू नये ते बोलून गेले. विलायतेत एका डॉक्टराने अशाच एका मुलीची छाती उघडली होती, हृदयात बोट घालून आकसलेलं दार मोकळं केलं होतं.

"जगली ती?"

"जगली."

"मंग पाठवा आमाला."

डॉक्टरांना आपली चूक कळली. विलायत राहिली दूर, त्यांनी सांगितलं, तिथेही त्या माणसाने पुन्हा तसं केल्याचं ऐकिवात नाही. बाकीचे मोठे डॉक्टर म्हणतात की खरा बिघाड दारात नसतोच, हृदयाच्या मांसात असतो. म्हणून त्याच्याकडे कुणी रोगी पाठवत नाही. मुंबईत तर हृदयाला हात लावायला कोणीच धजणार नाही.

धोंडूबाईला राग आला. एकाला जमतंय आणि बाकीचे डॉक्टर रोगी अडवून बसलेत! तिने डॉक्टरांचा हात धरला.

"बोट तर तुमाला पन हाय."

"माझ्या हातून ती टेबलावरच जाईल, बाई."

"आन एरवी ऱ्हाईल का?"

डॉक्टरांनी हात सोडवून घेतला आणि औषधाची बाटली भरायला घेतली. सूज उतरेल, थोडं बरं वाटेल, एवढंच म्हणाले. कान्हाने ती बाटली मांडीवर धरून घरापर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कान्हा खळ्यावर भात झोडायला गेला. धोंडूबाईने चुलीत हळकुंड धरलं. बेत साधा होता, तो तिने पोरीलाही सांगितला. ज्या वाटेने दुखणं वर गेलं त्याच वाटेने ते खाली आणायचं. आधी छातीला डाग, मग मनगटाला, मग कोपराला, मग घोट्याला; गुडघ्यात उतरलं की झालं. बुधाजीने सकाळीच असलं करायला साफ नकार दिला होता. वेडी झालीस, म्हणाला होता. असेल वेडी. शहाण्या माणसांनी तरी काय केलं?

चिंधी भिंतीला टेकून सगळं बघत होती. आईने तिच्या चोळीची गाठ सोडली. छातीचा भाता नुसता चालला होता, बरगड्यांखाली धडधड डोळ्यांना दिसत होती. धोंडूबाईने हळकुंड जवळ नेलं. पण पोरीच्या उरावर हात टेकेना. तिने दात आवळले, स्वतःला शिव्या घातल्या, तरी टेकेना.

"आये," चिंधी म्हणाली, "नको डागूस. आलंय बग आपसूक."

"काय आलंय गं?"

"वात. गुडघ्यात. सकाळधरनं ठनकतोय." बोलता बोलता तिला मध्येच श्वास घ्यावा लागला. "लई दुकतंय, आये."

आणि ती उठली. भिंतीला धरून, लंगडत, दारापर्यंत गेली. तिथे उंबऱ्यावर मटकन बसली आणि आईकडे बघून हसली.

धोंडूबाईने हळकुंड चुलीत टाकलं, पोरीपाशी बसून तिचा उजवा गुडघा दोन्ही हातांत धरला. चार वर्षांपूर्वी तो तव्यासारखा तापला होता, फुगून लाल झाला होता. नुसतं बोट लागलं तरी पोर किंचाळायची. आता तो गार होता. हाडाची वाटी हाताला स्वच्छ लागत होती. तिने दाबून पाहिलं. चिंधीला दुखलंच नाही, आणि ओरडायचं तिला उशिराने सुचलं.

"हां," धोंडूबाई म्हणाली. "गरम लागतोय, बाय. चांगलाच गरम लागतोय."