उघाडीवरच्या शेवाळाचा कबुलीजबाब

मी एक जुने शेवाळ आहे, मित्रांनो. जुने म्हणजे वयाने नव्हे. वयाने मी जेमतेम चार महिन्यांचे. पण पनवेलच्या खाडीतल्या या उघाडीवर माझे घराणे चाळीस वर्षे चिकटून आहे, तेव्हा थोडा मोठेपणा मिरवला तर रागावू नका. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातले दार. भरतीला ते मिटते आणि खारे पाणी शेतात शिरू देत नाही. ओहोटीला उघडून शेतातले पाणी खाडीत सोडते. त्याच्या दगडी चौकटीवर माझा जन्म झाला.

माझ्या पूर्वजांना स्वच्छ पाणी मिळाले. मग वरच्या अंगाच्या एका नाल्यातून तांबे, शिसे, कॅडमियम असे जड धातू पाण्यात येऊ लागले. तांबे थोडेसे आम्हालाही लागते, पण अति तेथे माती! घराण्यातले पुष्कळ जण पांढरे पडून वाहून गेले. ज्यांच्यात बळ होते ते उरले आणि तेच बळ वारशाने माझ्याकडे आले.

ते बळ माझ्या जनुकांत आहे. कोणते प्रथिन कसे बनवायचे, याच्या पेशीतल्या सूचना म्हणजे जनुके. पाणी चांगले असले की त्यांतल्या काही सूचना जवळजवळ निजून असतात. धातू आत शिरला की त्या जाग्या होतात आणि पेशी भराभर कामाला लागते. काही प्रथिने गंधक असलेले छोटे रेणू घडवतात. हे रेणू कॅडमियमला घट्ट धरतात आणि मग तो पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे आमच्या अडगळीच्या खोलीत, कोंबला जातो. दुसरी काही जनुके धातूने केलेली नासधूस आवरणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, बनवतात. एवढा खटाटोप केला की मी हिरवेगार राहते. पण विष जात नाही, मित्रांनो. ते माझ्या पोटातच असते.

गेल्या महिन्यात सुकापूरची प्राची इथे आली. ती सागरी वनस्पतींवर संशोधन करते. माझा एक तुकडा आणि दूरच्या स्वच्छ किनाऱ्यावरच्या माझ्या भाऊबंदाचा एक तुकडा तिने तांबे मिसळलेल्या पाण्यात ठेवला. चौथ्या दिवशी भाऊबंद फिकट पडला, मी जसेच्या तसे! काल ती बांधावर उभी राहून फोनवर सांगत होती, “सर, आपल्या उघाडीच्या सॅम्पलमध्ये धातू आवरणारं ते जनुक स्वच्छ किनाऱ्यावरच्यापेक्षा अकरा पट जास्त काम करतंय. कमाल आहे!” ते ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

तेवढ्यात ठमाबाई आली. बांधापलीकडच्या गावात तिचे घर. ओहोटीला माझ्याच पायथ्याशी दगडाला चिकटलेली कालवे, म्हणजे खाण्याचे शिंपले, ती कोयतीने काढते. ‘शेवाळ हिरवे, तिथले पाणी चांगले,’ असे तिच्या सासूने तिला शिकवले होते. सासूच्या काळी ते खरेच होते. काल तिची टोपली अर्धी भरली, तेव्हा प्राची धावत खाली उतरली.

“आजी, ही कालवं नेऊ नका. पाण्यात शिसं सापडलंय.”

“काय बोलतेस गो? शेवाल बघ कसा हिरवागार हाय! मालू, सून माझी, दोन जीवांची हाय. तिला वायट खायला घालीन मी?”

“हे शेवाळ विष आत दाबून ठेवतं, आजी, म्हणून वरून छान दिसतं. कालवं तर हेच पाणी गाळून जगतात. बाळाला बाधेल ते.”

ठमाबाईने वाकून माझ्यावरून बोट फिरवले. मला फार लाज वाटली.

“आमचे मालक पन असेच,” ती म्हणाली. “छातीत दुखायचं, पन कवा सांगितलं नाय. शेवटच्या दिसापावेतो हसत व्हते. मी आपली म्हनायची, मानूस कसा ठणठणीत हाय.”

तिने टोपली खाडीत उपडी केली. मग कोयती घेऊन, हात पोचेल तिथवर, मला दगडावरून खरवडून काढले.

“अहो आजी, ते कशाला?”

“उद्या दुसरी कोन बाय येल, आनि हिरवा बघून फसल.”

मित्रांनो, हे सारे मी पाण्यावर तरंगत सांगत आहे. माझी तक्रार नाही. दगडाच्या फटींत माझे बीजाणू उरले आहेत. थोड्याच दिवसांत तिथे पुन्हा हिरवे दिसेल, कारण माझ्या जनुकांना तेवढेच ठाऊक आहे. तेव्हा माझे कौतुक जरूर करा, पण माझ्या रंगावर विसंबू नका. पाणी तपासून घ्या. नाला कुठून येतो ते शोधा आणि तो स्वच्छ होईपर्यंत पिच्छा सोडू नका. मला वाचवायला चाळीस वर्षांत निवडून उरलेली जनुके आहेत. मालूच्या बाळाला काल फक्त त्याची आजी होती.