मधली शिवण

चढ लागायच्या आधीच रेश्मा सायकलवरून उतरली आणि दोन्ही हात हँडलवर टेकून उभी राहिली. मागून सरपणाच्या मोळ्या घेऊन दोघी बायका येत होत्या. त्या जवळ आल्या तशी तिने खाली वाकून चेन बघितल्यासारखं केलं. त्या पुढे निघून गेल्या, मग ती सरळ झाली. सायकल हाताने ढकलत ती चढू लागली. पाय जरा फाकूनच टाकावे लागत होते.

ती गावची आशा कार्यकर्ती होती. बाजारकुणंग गावाच्या भोवतालची घरं जंगलात अशी विखुरलेली, की एका घरातली हाक दुसऱ्या घरी पोचत नाही. गरोदर बायका, बाळंतिणी, नुकती जन्मलेली बाळं, या सगळ्यांच्या घरी जाणं तिचं काम. सायकलीवाचून ते होण्यासारखं नव्हतं.

तिचं स्वतःचं बाळंतपण होऊन दोन महिने होत आले होते. फार अवघड गेलं. रक्त बरंच गेलं, टाके पडले, शुद्ध हरपली. ती डोळे उघडून माणसं ओळखू लागेपर्यंत सासू आणि नवरा गावी जाऊन, बाळाला मातीला देऊन दवाखान्यात परतलेही होते. मुलगी होती, मेलेलीच जन्मली, एवढं तिला सांगितलं गेलं. त्यानंतर नवरा, लक्ष्मण, गोव्याला आपल्या ट्रकवर गेला. फोनवर तो जेवलीस का विचारायचा, गोळ्या घेतल्यास का विचारायचा. घरात सासू पार्वती त्या विषयावर एक अक्षर बोलत नसे. पाळण्यासाठी आणलेली दोरीसुद्धा एका सकाळी खुंटीवरून नाहीशी झाली होती.

चढावरचं पहिलंच घर फुलाचं. तिचा मुलगा तीन आठवड्यांचा. रेश्माने वजनकाटा आढ्याला अडकवला, बाळाला झोळीत ठेवलं. गार कापड लागताच ते किंचाळून रडू लागलं. रेश्माच्या छातीत कळ उठली आणि पदराखाली ओल पसरली. तिने कोपर अंगाशी घट्ट दाबून धरलं आणि काट्याकडे बघत राहिली.

"वाढलंय की चांगलं," ती म्हणाली.

फुलाने बाळ तिच्या हातून जरा घाईनेच घेतलं. घेतल्यावर तिचं तिलाच कसंतरी वाटलं असावं.

"बस की रेश्माक्का. पाट देतो."

"नको. उभीच बरी हाय मी."

दुपारी पार्वती परसात कपडे धूत होती. रेश्मा आली तेव्हा पार्वतीच्या हातात सुनेची निकर होती. नायलॉनची, गुलाबी, लग्नाच्या वेळी डझनाने घेतलेल्यांपैकी. पार्वती अंगठ्याने मधली जाड शिवण चाचपत होती. शिवणीवर तपकिरी डाग होता, साबणाने न गेलेला.

"हे टाक्यांवर घासतंय," ती मान वर न करता म्हणाली.

"द्या हिकडं. मी धुतो."

"अजून रक्त येतंय व्हय?"

"कधीतरी. चढाला जोर लावला की."

"मग सोड ती सायकल."

रेश्मा बादलीतलं पाणी उगाच या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिली.

"सोडून घरात बसून काय करू, आत्ती?"

पार्वतीने निकर पिळली, झटकली, तारेवर परकराच्या आड वाळत घातली. मग हात पुसत म्हणाली, "उद्या रामनगरला जाऊ. सकाळची बस धरू."

रामनगरच्या रस्त्यावर गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. सुमंगलाचं बायकांच्या कपड्यांचं दुकान स्टँडच्या मागच्या बाजूला. दारात मॅक्स्या टांगलेल्या, आत गल्ल्यावर तिचा नवरा. पार्वती आत गेली आणि नुसतीच उभी राहिली. सुमंगलाने एकदा तिच्याकडे, एकदा मागे पायरीवरच थांबलेल्या रेश्माकडे पाहिलं.

"तुम्ही च्या पिऊन या जावा," ती नवऱ्याला म्हणाली.

तो गेल्यावर तिने पडदा ओढला. "बोला मावशी."

"निकर पायजे हिला. सायकल चालवती. ह्यातली शिवण टोचती."

"सायकल लांबची असती काय गं?"

"लांबची. चढाची," रेश्मा म्हणाली.

सुमंगलाने आधी लेसवाल्या काढल्या, त्यातली एक बोटांवर ताणून बघितली आणि स्वतःच बाजूला सारली. "ही न्हाई चालायची. घाम धरून ठेवती. घाम आला की चामडी सोलवटती." फळीवरून तिने दुसरा खोका उतरवला. सुती होजियरीच्या, फिकट रंगाच्या, दिसायला अगदी साध्या. तिने एक उलटी करून रेश्माच्या हातात दिली. "आतनं हात फिरव. मध्ये शिवण न्हाई बघ. कडंचं इलॅस्टिक बी रुंद हाय, मांडीत रुतत न्हाई. आन् ही दुसरी, मांडीपत्तुर येती. लांब जायचं तर हीच बरी. सीटवर मांड्या घासत न्हाईत."

रेश्मा हात आत घालून चाचपू लागली. कापड मऊ होतं. बोटं या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेच न अडता गेली. ती पुन्हा पुन्हा तशीच फिरवत राहिली.

"एक नंबर मोठी घे," पार्वती म्हणाली. "घट्ट नको."

"लई ढिली बी नको, मावशी. ढिली असली की गोळा व्हती, मग तीच टोचती." सुमंगलाने रेश्माच्या कमरेचा नजरेनेच अंदाज घेतला. तेवढ्यात तिचं लक्ष ब्लाउजकडे गेलं. घरून घातलेली कापडाची घडी भिजून ओल बाहेर आली होती.

"अगं बाई, पाजवतीस व्हय! आधी सांगायचं की." ती लगबगीने दुसऱ्या फळीकडे वळली. "मग साधी बॉडी कशाला घालतीस? सायकलवर हिसके बसत्यात, दुखत आसंल. ही घे. पट्टे रुंद, आन् फुडनं उघडती. बाळाला पाजवायला सोपी."

रेश्माच्या हातातलं कापड तसंच राहिलं. सासू आता काय ते सांगेल आणि दुकानदारीण हळहळेल, हे तिने गृहीत धरलं. तसल्या हळहळीला ती सरावली होती. तिने मान खाली घातली.

"किती म्हैन्याचं हाय, मावशी?"

"दोन व्हतील आता," पार्वती म्हणाली.

"मुलगा का मुलगी?"

"पोरगी."

"कुणावर गेलीया?"

पार्वतीने काउंटरवरची बॉडी उचलली. तिच्या हुकाशी चाळा करत, रेश्माकडे न बघता ती सांगू लागली.

"नाक बापाचं. बाकी सगळी हिच्यावर. सावळी हाय. केस लई हाइत, कानावर सुदिक लव हाय. हनवटीला हितं खळी."

"आन् नाव?"

ट्रकाचा हॉर्न वाजला. तो थांबल्यावर पार्वतीने हातातला हूक लावला.

"केशर."

"छान हाय," सुमंगला म्हणाली. "केशरला सोडून आलात, कुणाजवळ ठेवलंय?"

"हाय घरच्यांजवळ."

रेश्मा काउंटरची कड धरून उभी होती. सुमंगलाने कागदात बांधू का विचारलं, तेव्हा तिने मान हलवली. पार्वतीने निकरी घेतल्या, मांडीपर्यंतच्या घेतल्या, आणि ती बॉडीही परत न करता पिशवीत टाकली.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. दोघी मागच्या बाजूच्या सीटवर बसल्या. रस्ता जंगलात शिरला, उन्हाचे तुकडे पार्वतीच्या मांडीवरच्या पिशवीवरून सरकू लागले.

"आत्ती."

"हं."

"केशर नाव कुणी ठेवलं?"

पार्वतीने खिडकीबाहेर बघितलं. "मीच. न्हाऊ घालताना काय तरी म्हणून हाक मारायला लागती की."

"तुम्ही न्हाऊ घातलात?"

"मग? तशीच देऊ व्हय मातीला?" तिने पदराचं टोक ओठांवर दाबून धरलं आणि मग सोडलं. "ऊन पाण्यानं घातलं. तेल लावलं. लक्ष्मण बाहेर उभा व्हता, त्याला म्हटलं ये, बघ. त्यो आला न्हाई. त्याच्यानं झालं न्हाई."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सगळ्यांनी सांगितलेलं, बोलू नको म्हणून. बाळंतिणीला बाळाचं सांगितलं की दूध आटत न्हाई म्हणं."

"आटलं न्हाईच," रेश्मा म्हणाली.

पार्वतीने तिच्याकडे बघितलं. मग स्वतःचा पदर तिच्या खांद्यावरून पुढे ओढून ओला ब्लाउज झाकला आणि हात तिथेच राहू दिला.

बस एका थांब्यावर थांबली. एक म्हातारा चढला, पुढे जाऊन बसला. बस सुटली.

"हात कसं हाइत तिचं?" रेश्माने विचारलं.

पार्वतीने आपला खडबडीत तळवा उलटा केला आणि त्यावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं. "एवढं एवढंसं. मुठी गच्च मिटलेल्या. उघडून तेल लावलं तर परत मिटल्या. बोटं लांब हाइत, तुझ्यागत."

"आन्?"

"कपाळ रुंद. पाठीवर हितं काळा तीळ हाय, हरभऱ्याच्या डाळीएवढा."

"आन्?"

पार्वती सांगत गेली. रेश्मा डोळे मिटून ऐकत होती. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

त्यांचा थांबा आला तेव्हा पार्वती गुडघ्यांपर्यंतच पोचली होती. दोघी खाली उतरल्या. बस धूळ उडवत वळणाआड गेली. गावाकडची पायवाट समोर होती, पण रेश्मा तिथेच कडेच्या दगडावर बसली. पार्वतीने एकदा रस्त्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी टेकली.

"पावलं," ती म्हणाली. "पावलं कशी, ते सांगतो."