चार पिवळ्या रेघा

रविवारी सकाळी आठच्या सुमारास समोरच्या गॅरेजमधला स्कूटरवाला सायकलच्या दुकानात शिरला आणि टेबलावर टॉर्क पाना ठेवत म्हणाला, "घ्या मिस्त्री, तुमची ठेव. काल दुपारी तुम्ही वर जेवायला गेलात ना, तेव्हा उचलला होता. सांगायचं राहूनच गेलं."

मिस्त्रीचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला.

"काल दुपारपासून तुझ्याकडे होता?"

"अहो, वापरला दहा मिनिटं. झिजला नाही कुठे, बघा हवं तर!" स्कूटरवाला हसत हसत निघूनही गेला. आपण काय करून ठेवलंय याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.

दुकानात टॉर्क पाना एकच होता. ठरलेला जोर लागला की तो 'टक' असा आवाज करतो, म्हणजे स्क्रू ढिला राहत नाही आणि जास्त आवळून काही तडकतही नाही. आणि कार्बनचं हँडल काय, जरा जास्त आवळलं की गेलं कामातून. त्यामुळे हँडल धरणारे चार स्क्रू ह्या पान्याशिवाय आवळायचेच नाहीत, असा दुकानाचा कायदा. दुसरा कायदा रेघेचा. मिस्त्रीने 'टक' करायचं आणि लेकीने त्या स्क्रूवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. ती दहा वर्षांची असल्यापासून रेघ तिचीच; आज चोवीस वर्षांची घोडी झाली तरी रंगाच्या पेनाला दुसऱ्याने हात लावलेला तिला खपत नसे. आणि रेघ आली की त्या स्क्रूकडे पुन्हा कुणी बघायचं नाही.

काल संध्याकाळी त्याने लेकीच्या सायकलला नवीन हँडल बसवलं. चार स्क्रू छोट्या किल्लीने जेमतेम आवळले, हँडल जागेवर राहील पण जोर लावला तर फिरेल एवढेच, कारण कोन तिला तिच्या मनगटाप्रमाणे ठरवायचा होता. "तू कोन ठरव, मग मी आवळतो," असं म्हणून तो एका गिऱ्हाइकाचं वाकडं चाक सरळ करायला मागच्या खोलीत गेला. तासाभराने बाहेर येऊन बघतो तर सायकल दाराशी उभी, आणि चारही स्क्रूंवर झोकदार पिवळ्या रेघा. त्याला वाटलं, पोरीने स्वतःच आवळले. वाटलं काय, चांगली छाती फुगली. लेकीचा हात तयार झाला म्हणून जेवताना तो दोन घास जास्त जेवला.

पण पाना तर समोरच्या दुकानात होता.

मग लेकीला काय वाटलं असेल हे कळायला त्याला फार डोकं लागलं नाही. ती कोन ठरवून वर जेवायला गेली, परत आली, हँडल हाताला घट्ट लागलं. बाबांनी आवळलं असणार. रेघ तेवढी राहिली. ती मारली तिने.

फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच. लागणार तरी कसा? साडेसहाला ती तीन सोबत्यांबरोबर शहराबाहेरच्या जंगलात गेली होती. आधी तासा-दीड तासाचा चढ, वर सपाटी, आणि पलीकडे चार किलोमीटरचा खडीचा उतार. डांबरी रस्त्यावर ते हँडल हलणार नाही, चढावरही नाही. हलणार ते उतारावर, ती जीव खाऊन ब्रेक दाबेल आणि अंगाचा सगळा भार हातांवर येईल तेव्हा. गर्रकन खाली फिरणार, आणि माणूस चाकावरून पुढे.

"कुठे निघालात?" वरच्या खिडकीतून बायकोने विचारलं.

"आलोच."

"अहो पण कुठे?"

"आलो म्हटलं ना!" तो ओरडला. एरवी तिच्यावर आवाज चढवायची त्याची टाप नव्हती. हिला काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

जंगलात गाडी सोडत नव्हते, म्हणून दुरुस्तीला आलेली, त्यातल्या त्यात बरी अशी एक सायकल त्याने उतरवली, पाना पाठपिशवीत टाकला आणि निघाला. सायकली दुरुस्त करण्यात जन्म गेला असला तरी जंगलात त्याने सायकल घालून बारा वर्षं झाली होती. गुडघे दुसऱ्याच वळणावर बोलायला लागले. त्याने त्यांना बोलू दिलं.

जंगलाच्या फाटकाशी रखवालदार पेपर वाचत बसला होता.

"चौघं गेले का? एक मुलगी?"

"गेले की! दीड तास झाला असेल. तुम्ही मागे राहिलात वाटतं?" रखवालदार हसला. "सावकाश जा, काका. जंगल कुठे पळून जात नाही."

दीड तास म्हणजे ते वर पोचलेही असतील. तिथे थांबून खातात, फोटो काढतात. पंधरा मिनिटं. फार तर अर्धा तास. फिरून जाणारा रस्ता धरला तर तो कधीच पोचणार नव्हता, म्हणून तो पाण्याच्या पाइपाशेजारच्या उभ्या पायवाटेने घुसला. सायकल खांद्यावर. दगड पायाखालून निसटत होते, काटे नडग्या ओरबाडत होते. मध्येच थांबून त्याने हाक मारली, तर झाडीतून एक पक्षी तेवढा फडफडत उडाला. नंतरची शांतता त्याला सहन होईना. कान उगाचच किंचाळी शोधत होते. सावलीतही घामाने शर्ट चिंब झाला होता आणि हात मात्र गार पडले होते. हे असं आपल्याला आयुष्यात कधी झालं नव्हतं हे त्याला स्वच्छ कळत होतं, आणि त्याने भीती आणखीच वाढत होती.

तो सपाटीवर पोचला तेव्हा दोघं तरुण केळी खात बसले होते.

"ती कुठे आहे?"

"अरे, मिस्त्रीकाका? तुम्ही इकडे कसे?"

"ती कुठे आहे, ते सांगा!"

"आत्ताच उतरली. पाच मिनिटं झाली. काय झालं काय?"

तो उताराला लागलासुद्धा. खडीवर मागचं चाक सरकत होतं. पहिल्या वळणावर त्याने डोळे मिटून घ्यायचे तेवढे बाकी ठेवले होते, कारण वळणापलीकडे काय दिसेल ते त्याला बघायचं नव्हतं. काही नव्हतं. नुसता रस्ता. दुसऱ्या वळणावरही काही नव्हतं. दरवेळी जीव भांड्यात पडायचा आणि पुढचं वळण दिसलं की पुन्हा उडायचा. डाव्या अंगाला दरी होती. तिच्यात बघायचं नाही असं ठरवूनही तो बघत होता, लेकीचं लाल हेल्मेट दिसतंय का म्हणून.

तिसऱ्या वळणापलीकडे लाल हेल्मेट दिसलं. रस्त्याच्या कडेला, जमिनीलगत.

त्याने करकचून ब्रेक दाबला. पुढच्या क्षणी हेल्मेट वर उठलं. लेक उकिडवी बसून चाकात हवा भरत होती.

"बाबा?"

सायकल टाकून तो धावला आणि तिला घट्ट धरलं. दोन्ही हात चाचपले, तोंड चाचपलं. धडधाकट. "वाचलो," तो म्हणत होता. "वाचलो गं, वाचलो."

"अहो, काय झालं? आई ठीक आहे ना?"

मग त्याचं लक्ष तिच्या सायकलीकडे गेलं. ती तिची नव्हतीच.

"तुझी कुठे आहे?"

"चष्मेवाले काका घेऊन गेले. त्यांना तसलीच घ्यायचीय ना, म्हणाले उतारावर चालवून बघू दे. ही त्यांची. हवा गेली म्हणून मी थांबले, ते हळूहळू पुढे गेले."

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. पन्नाशी उलटलेले, घरी दोन मुली. डॉक्टरने चाला म्हणून सांगितलं तर उत्साहाच्या भरात सायकल घेऊन बसलेले.

"ते स्क्रू तू आवळलेस?"

"कुठले? हँडलचे? ते तर तुम्ही..." ती मध्येच थांबली. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दोघं खाली सुटले. तो ओरडत होता, "थांबा! ब्रेक दाबू नका!" आणि ओरडता ओरडताच त्याला कळत होतं की उतारावर ब्रेक दाबू नका हे कुणाला सांगणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे.

दोन वळणं सोडून, एका मोरीशी, चष्मेवाले रस्त्यात बसले होते. हनुवटी फुटून रक्त शर्टावर ओघळलं होतं, उजवा हात छातीशी धरलेला, खांद्याचं हाड कातडीखाली भलतीकडेच वर आलेलं. सायकल गटारात, हँडल पूर्ण खाली फिरलेलं. मोरीच्या कठड्यापलीकडे खोल ओढा होता. कठडा नसता तर ते रस्त्यात बसलेले दिसले नसते.

"मिस्त्री, तुम्ही?" वेदनेतही त्यांना लाज वाटली. "माफ करा हो. पोरीची कोरी सायकल मोडली मी. ब्रेक जरा जोरात दाबला गेला. बायको म्हणतच होती, या वयात हे धंदे नकोत."

"काका, ते मी..." लेक रडायलाच लागली.

मिस्त्रीने तिला मागे सारलं आणि तो त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "तुमची काही चूक नाही. स्क्रू ढिले होते. मी आवळलेच नव्हते."

चष्मेवाले हसले. डावा हात त्यांनी मिस्त्रीच्या खांद्यावर ठेवला. "किती सांभाळून घ्याल हो माणसाला! तुमच्या हातून स्क्रू ढिला? मला वाईट वाटू नये म्हणून सांगताय, कळतंय मला."

वेळ मारून नेता आली असती. समोरचा माणूस स्वतःच वाट करून देत होता.

"नाही," तो म्हणाला. "मला सकाळीच कळलं होतं. म्हणूनच आलो. पण तुमच्यासाठी नाही आलो. ही वर दिसली, धड आहे म्हणून कळलं, तेव्हा मी वाचलो म्हणालो. तुमची आठवणही नव्हती मला."

चष्मेवाले त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.