तीन श्तेरेवा

रुमेना श्तेरेवा ही एकच बाई आहे. मी शपथेवर सांगते, कारण बावीस वर्षं मी तिच्या प्रयोगशाळेत काचेच्या बश्या धुतल्या, तिच्या कृमींना खाऊ घातलं आणि तिची बोलणीही खाल्ली. तरी सोफियातल्या आमच्या संस्थेने कागदोपत्री तिला एकीच्या तीन बाया करून टाकलं.

झालं असं, की आमच्या लिपीत तिचं आडनाव एकाच तऱ्हेने लिहितात. रोमन लिपीत मात्र जुन्या पासपोर्टवर ते फ्रेंच वळणाने आलं, ते बाहेरचे लोक ‘च्तेरेवा’ वाचतात. पुढे एका जर्मन नियतकालिकाने ‘स्च्तेरेवा’ छापलं. मग नावं रोमन लिपीत कशी लिहायची याचा नवा कायदा आला आणि ‘श्तेरेवा’ झालं. कुणाच्या संशोधनाचा जगाने किती वेळा आधार घेतला हे मोजणारा एक संगणक असतो. त्याला वाटलं, या तीन वेगळ्या बाया. संगणकाला काय, अक्कल नसते. पण आमचे संचालक बाकालोव साहेब तर अकादमीचे सदस्य आहेत!

जुलैतल्या एका गुरुवारी त्यांनी रुमेनाला बोलावलं. कृमींची वही घेऊन मीही मागे उभी राहिले.

“बाई, तुमचा प्रभाव कमी पडतोय,” ते म्हणाले. “प्रयोगशाळा ठेवायला पाचशे उल्लेख लागतात, तुमचे चारशे दहा.”

“बाकीच्या दोघींचे मिळवा ना साहेब. अठराशे होतात.” रुमेनाने नगरपालिकेचा दाखला टेबलावर ठेवला. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची, असा शिक्क्यासकट.

त्यांनी तो बोटाने परत सरकवला. “समितीची बैठक होऊन गेली. पुढच्या वर्षी बघू. सोमवारी खोली सोडा.”

“नऊ दिवस द्या. कृमींची शेवटची तुकडी आहे. दोन ताणांच्या मधे किती विसावा मिळाला तर पेशी सावरते, ते तेवढ्यात कळेल. अकरा वर्षं याच्या मागे आहे मी.”

साहेब हसले. “थोडा ताण बराच असतो की! तुम्हीच सिद्ध केलंय. तरुणपणी तासभर गरम ठेवले की कृमी जास्त जगतात. जगभर तेच तर वाचतात.”

“त्याच लेखाचा उत्तरार्ध वाचा. रोज ताण दिला आणि विसावा दिला नाही, तर निम्म्या वयात मरतात.”

“उत्तरार्ध कोण वाचतं, बाई?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वही त्यांच्या टकलावर आपटावी असं वाटलं. रुमेना मात्र शांतपणे तिथेच उभी राहिली, तेव्हा कुठे ते वैतागून म्हणाले, “बरं, पुढच्या शनिवारपर्यंत. एक तासही जास्त नाही.”

शब्द दिला होता त्या माणसाने. आणि दोनच दिवसांनी, त्याच आठवड्यातल्या शनिवारी, आम्ही कुणी नसताना, नव्या खोलीवाल्याचं यंत्र आलं म्हणून त्यांच्या माणसांनी आमचं कृमींचं थंड कपाट ओढून व्हरांड्यात ठेवलं. दक्षिणेच्या काचेपाशी, भर उन्हात. वायर गुंडाळून वर ठेवली होती, अगदी नीटनेटकी!

सोमवारी सकाळी आम्ही आलो, तर कपाटातला पारा छत्तीसवर होता. तो वीसवर असायला हवा. कृमी मिलिमीटरभराचा, नुसतं बघून मेलाय की नाही कळत नाही. प्लॅटिनमच्या तारेचं टोक डोक्याशी लावायचं, हलला तर जिवंत. चारशे ऐंशी होते. मी म्हटलं, “रुमेना, नको गं, दिसतंच आहे.” तिने ऐकलं नाही. सूक्ष्मदर्शकावर वाकून एकेकाला तार लावत गेली. ती “नाही” म्हणायची, मी वहीत फुली मारायची. पाऊण सकाळ गेली. एकही हलला नाही.

तिने तार खाली ठेवली. “लिहा, नेदाताई,” ती म्हणाली. “तापमान छत्तीस. विसावा शून्य.”

मग ती बेसिनपाशी जाऊन हात धूत राहिली, कितीतरी वेळ. बावीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही तिने पाठच दाखवली.

मी खाली गेले आणि मयताचा कागद छापला. आमच्याकडे कुणी गेलं की दारांवर, झाडांवर लागतात तसाच, काळ्या चौकटीचा. वर सूक्ष्मदर्शकातला फोटो. खाली लिहिलं: ‘चारशे ऐंशी जण, वय एकतीस दिवस, शनिवारी अचानक आम्हाला सोडून गेले. त्यांना आणखी सात दिवस हवे होते. शोकाकुल: च्तेरेवा, स्च्तेरेवा, श्तेरेवा.’ संस्थेच्या मोठ्या काचेच्या दारावर, डोळ्यांच्या उंचीला चिकटवला.

दुपारपर्यंत दारापाशी गर्दी. लोक सवयीने आधी छातीवर क्रूस काढत, मग वाचत. जेवायला निघालेले बाकालोव साहेब गर्दी बघून थांबले, चष्मा चढवून वाचू लागले.

“फाडा हे!” ते पहारेकऱ्यावर ओरडले.

गेंचोकाका जागचे हलले नाहीत. “मयताचा कागद फाडत नाहीत, साहेब. तो पावसानेच जायचा. तुम्हाला फाडायचा तर फाडा.”

साहेबांचा हात कागदापर्यंत गेला. सगळे बघत होते. हात तिथेच थांबला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून ते गुरगुरले, “आणि शोकाकुल काय, शोकाकुल! एकाच बाईचं नाव तीन-तीनदा लिहून ठेवलंय!”

रुमेना माझ्या मागेच उभी होती. तिने पर्स उघडली, नगरपालिकेचा दाखला काढला आणि त्या कागदाशेजारी काचेवर धरला.

“नेदाताई,” ती म्हणाली, “चिकटपट्टी द्या.”