न वाजलेला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना रबरी चेंडू आहे. मला कधी कुणी झेललं नाही. माझं सगळं आयुष्य डोळ्यांच्या दवाखान्यात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या खोलीत गेलं.

इथे डोळ्याजवळ सुई टोचत नाहीत. बधिर करणारे थेंब घालतात आणि पेशंट जागाच असतो. बोललं तर डोकं हलतं, म्हणून सिस्टर मला पेशंटच्या मुठीत देई. "दुखलं तर बोलू नका, हा दाबा." मी चूं केलं की डॉक्टर थांबत, आणखी दोन थेंब घालत. एवढे मोठे डॉक्टर माझं ऐकतात म्हणून मी फार ऐटीत असे.

पुढे माझ्या पोटातली शिट्टी चिरली. मला रोज पुसत, पण दाबून कुणी पाहिलं नाही.

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक आत्या आल्या. सोबतच्या भाचीला दिवस गेले होते. "बाळाचं पहिलं झबलं मीच शिवणार. सुईत दोरा ओवता आला की झालं," असं त्या सिस्टरला सांगत होत्या.

मोतीबिंदू कडक निघाला. काम लांबलं, थेंबांचा असर उतरला. आत्यांची मूठ आवळली. मी जिवाचा आटापिटा केला, पण नुसती हवा गेली. त्या पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या. थेंबांची बाटली हातभर अंतरावर होती. बोलू नका म्हटलं होतं, म्हणून त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

"किती शहाण्या हो तुम्ही," सिस्टर शेवटी कौतुकाने म्हणाली.

"त्रास दिला असला तर माफ करा," म्हणत आत्यांनी मला तिच्या हातात ठेवलं.

महिन्याने दुसऱ्या डोळ्याची तारीख होती. भाची एकटीच आली.

"आत्या नाही म्हणते. म्हणाली, दाबून दाबून हात दुखला, कुणी थांबलं नाही. थांबायचंच नसेल त्यांना."

सिस्टरने मला दाबलं. नुसती हवा गेली. त्याच संध्याकाळी ती आत्यांच्या घरी जाऊन आली. आत्यांनी चहा दिला, गोड बोलल्या, पण आल्या नाहीत. एका डोळ्याने दोरा सुईच्या बाजूनेच जातो. बाळाचं झबलं विकतचं आलं.

आता सिस्टर रोज सकाळी नवा चेंडू आधी स्वतः दाबते, आणि ऑपरेशन चालू असताना मधूनमधून विचारतेही, "दुखतंय का?" मित्रांनो, तुम्हीही विचारत जा. गप्प असलेल्या माणसाला तर आधी विचारा.

मी खणात पडून असतो. आत्यांच्या नखांच्या चार खुणा माझ्या अंगावर आहेत. मी रबराचा, तरी त्या अजून बुजल्या नाहीत.