असर ते मगरिब उघडा

मित्रांनो, मला ढकलून आत जाण्याआधी घटकाभर थांबा. मी एक म्हातारा लोखंडी दरवाजा आहे, आणि म्हाताऱ्यांना बोलायला आवडते हे तुम्हाला ठाऊकच आहे. ओमानमध्ये इब्रा नावाचे गाव आहे. गावाबाहेर, डांबरी रस्ता सोडून थोडे आत गेले की एक मोठे आवार लागते. खजुराच्या झावळ्या, लिंबाच्या फांद्या, बागांतला हिरवा पाला असे सगळे तिथे कुजवून त्याचे खत करतात. त्या आवाराच्या तोंडाशी मी गेली पंधरा वर्षे उभा आहे.

माझा जन्म १९९४ साली मस्कतजवळ रुसैलच्या एका कारखान्यात झाला. एका पंजाबी वेल्डरने मला जोडले. माझी उजवी झडप त्याने जेवणाआधी केली आणि डावी जेवणानंतर, म्हणून डावी अजून जराशी कललेली आहे. पण मला त्याचे वाईट वाटत नाही. त्याने मला हिरव्या रंगाचे तीन हात दिले आणि ट्रकवर चढवताना माझ्या पाठीवर थाप मारली. इतका देखणा दरवाजा साऱ्या शर्किया भागात नसेल, असे मला वाटेभर वाटत होते.

इथे आल्यावर माझी गाठ शरीफभाईंशी पडली. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरकडचे. या आवाराचे सुपरवायझर. त्यांच्या हाताखाली गुलजार नावाचा पेशावरचा पठाण होता. तो शॉवेल नावाचे माल उचलणारे यंत्र चालवायचा आणि पाल्याचे लांबच लांब ढीग खालीवर करायचा. शरीफभाई रोज सकाळी सातला मला उघडत, दुपारी एकला लावत आणि कुलूप घालत. गुरुवारी आणि शुक्रवारी सुट्टी. या वेळा मस्कतला, अल् खुवैरमधल्या कंपनीच्या ऑफिसात ठरल्या होत्या. तिथे ज्या दिवशी सुट्टी, त्याच दिवशी आम्हालाही सुट्टी. मला त्यात काही गैर दिसले नाही. दरवाजाचे काम घट्ट बंद राहणे, असेच मी तेव्हा समजत होतो, आणि माझ्या कुलपाचा मला फार तोरा होता.

पण हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागले की सकाळभर मी सताड उघडा असतो आणि येत कोणी नाही. इब्राची निम्मी पुरुषमंडळी सकाळी सरकारी नोकरीवर असत. दुपारी घरी येऊन जेवत, उन्हाची वेळ झोपून काढत. मग असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज झाली की ती बागेत जात. झावळ्या तोडत, फांद्या छाटत, सगळे पिकअपमध्ये भरून इकडे आणत. तेव्हा मी बंद. बिचारे उतरत, मला हलवून पाहत, काहीतरी पुटपुटत आणि माल माझ्या पायाशी टाकून निघून जात. काही जण कोरड्या ओढ्यात नेऊन तो पेटवून देत. तो धूर माझ्या अंगावर येई. मित्रांनो, कुणाच्या तोंडावर बंद राहणे किती लाजिरवाणे असते, ते मला त्या धुरात उभे राहून कळले.

आमचे ढीगही थंड पडू लागले. चांगला ढीग आतून तापलेला असतो. हिवाळ्याच्या सकाळी त्यातून वाफ निघते. त्याला रोज ताजा हिरवा पाला लागतो. माझ्या पायाशी रात्रभर पडून वाळलेल्या झावळ्यांनी काय होणार? गुलजार ढिगात हात घालून बघायचा आणि मान हलवायचा.

१९९८ च्या मार्चमध्ये अल् खुवैरहून सतीश खोब्रागडेसाहेब आले. ते नागपूरकडचे इंजिनियर. माणूस सरळ आणि हुशार. आमच्याकडे माल फार कमी येतो, असे त्यांनी सांगितले. दोन महिन्यांत तो वाढला नाही तर आवार बंद होईल आणि फांद्या चिरडणारे मोठे यंत्र रुसैलला जाईल. यंत्राबरोबर शरीफभाईंनाही जावे लागणार होते. त्या वेळी ते इब्रात दोन खोल्या घेऊन बायको रईसाभाभी आणि आठ वर्षांची मुलगी मुस्कान यांच्यासोबत राहत होते. रुसैलला कंपनीच्या बराकी होत्या. तिथे बायकामुलांना जागा नाही. म्हणजे रईसाभाभी आणि मुस्कानला गुहागरला परत पाठवायचे, आणि पुढे भेट दोन वर्षांतून एकदा.

साहेबांनी मदत म्हणून एक उपायही केला. आवाराच्या वेळा वाढवल्या. दुपारी एकऐवजी तीनपर्यंत मला उघडे ठेवायचे ठरले. तसा कागद छापून आला आणि माझ्यावर चिकटवला गेला. आता विचार करा, एप्रिल-मे महिन्यात इब्रात एक ते तीन! माझ्या अंगाला हात लावला तर फोड येईल असे ते ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नसायचे. दीड महिन्यात त्या वाढीव वेळेत एकच पाहुणी आली. ती शेळी होती. तिने काही आणले तर नाहीच, उलट माझ्यावरचा तो कागद खाऊन गेली.

शरीफभाई सावलीत बसून हे सगळे पाहत होते आणि गप्प होते. त्यांचा स्वभावच तसा. साहेबाने ठरवले म्हणजे ठरले. इंजिनियर माणसाला आपण काय शिकवायचे, असे त्यांना वाटे. खरे कारण त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होते, पण विचारल्याशिवाय बोलायचे कसे म्हणून त्यांनी ते चार वर्षे पोटात ठेवले. मला त्यांचा राग यायचा. मी करकर आवाज करून तो दाखवायचो, तर ते माझ्या बिजागऱ्यांना ग्रीस लावायचे. काय बोलणार अशा माणसाला?

मे महिन्यातल्या एका सोमवारी साहेब पुन्हा आले. शनिवारी ट्रेलर येईल आणि यंत्र घेऊन जाईल, असे त्यांनी हळू आवाजात सांगितले. त्यांनाही ते सांगणे जड जात होते. ते गाडीकडे वळले. शरीफभाई माझा आडवा गज धरून उभे होते. आणि मग ते एकदम बोलले.

"साहेब, एक सांगू? ही लोकं घड्याळ बघून बागेत जात नाय. असर झाली का निघतात, दिस बुडला का मगरिबच्या अजानीला घरी. गुरुवार-शुक्रवार तर सगळं घरदार बागेत असतं. आपला गेट नेमका तेव्हाच बंद. माल इथंच हाय साहेब, आपणच त्याला आत घेत नाय."

साहेब थबकले. चार वर्षांत हे कोणी बोलले का नाही, असे त्यांनी विचारले. साहेबांनी मग अडचण काढली. असरची वेळ रोज बदलते, मगरिबची बदलते. फायलीत वेळ आकड्यात लागते. बोर्डावर काय लिहायचे?

"लिवा असर ते मगरिब," शरीफभाई म्हणाले. "इथं शेंबडं पोरही समजंल."

साहेबांना हसू फुटले. ते म्हणाले, "माझ्या हातात शनिवारपर्यंत वेळ आहे. गुरुवारी मी स्वतः येतो. एक दिवस करून दाखवा."

एक दिवस! आणि गावाला कळवायचे कसे? चार वर्षे तोंड फिरवून गेलेले लोक एका कागदाने परत येणार नव्हते. हा पेच रईसाभाभींनी सोडवला. मंगळवारी त्या नवऱ्याचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बुधवारच्या सूकात मी जाते. तिथं तुमाला कोण पाय ठेवू देणार नाय."

इब्रात दर बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषाला आत मज्जाव. कापड, अत्तर, लोबान, टोप्यांची नक्षी, सगळे तिथे मिळते, आणि साऱ्या गावाची खबरबातही. रईसाभाभी तीन वर्षे तिथून सुया-दोरे घेत होत्या. त्यांना अरबी येत होती ती बाजारापुरती. त्या दिवशी त्यांनी एकच वाक्य पाठ केले, बाब मफ्तूह, बाद असर, म्हणजे असरनंतर दरवाजा उघडा, आणि प्रत्येक दुकानापाशी बसून ते सांगितले. कुठे कॉफी प्यायल्या, कुठे खजूर खाल्ले. घरी आल्या तेव्हा त्यांचा घसा बसला होता आणि पोट बिघडले होते.

गुरुवार उजाडला. असरची अजान झाली, नमाज झाली. शरीफभाईंनी माझ्या दोन्ही झडपा भिंतीपर्यंत मागे नेल्या. साहेब गाडीत एसी लावून वर्तमानपत्र वाचत बसले. पाव तास गेला. कोणी नाही. अर्धा तास गेला. गुलजारने उगाचच शॉवेल धुतले. शरीफभाई माझ्यापाशी उभे होते आणि त्यांच्या तळहाताच्या घामाने माझा गज ओला झाला होता. मला आयुष्यात पहिल्यांदा देवाची आठवण झाली.

मग रस्त्यावर धूळ उठली. एक जुनी पांढरी पिकअप आली. झावळ्यांनी इतकी भरलेली की चाके दिसत नव्हती. गाडी मुलगा चालवत होता आणि शेजारी त्याची आई, उम्म हमद, तोंडावर काळा मुखवटा बांधून बसली होती. ती बाजारात लोबान विकायची. ती खाली उतरली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, आणि शरीफभाईंना म्हणाली, "चार वर्षे मी हा दरवाजा बंदच पाहिला, मला वाटले आत कोणी राहतच नाही. त्या हिंदुस्थानी बाईवर विश्वास ठेवावा की नाही, हे बघायला मी स्वतः आले."

तिच्या मागे दुसरी गाडी आली. मग तिसरी. मग मोजायचे भान राहिले नाही. डांबरी रस्त्यापर्यंत रांग लागली. आजोबा, नातवंडे, भाऊ भाऊ, सगळे आपापल्या बागेचा पाला घेऊन. ताजा लसूणघास, लिंबाच्या फांद्या, आंब्याचा पाला. काय वास होता तो! गुलजार पश्तोमध्ये गाणे म्हणत शॉवेल फिरवत होता. साहेबांनी वर्तमानपत्र फेकले, बाह्या सरसावल्या आणि स्वतः झावळ्या ओढू लागले. खजुराचे काटे त्यांच्या हाताला लागले, तरी ते थांबेनात. मगरिबची अजान झाली तेव्हा आत तेवीस पिकअपचा माल पडला होता आणि मी, कधी नव्हे तो, दमलो होतो.

साहेबांनी तिथूनच मस्कतला ट्रेलरवाल्याला फोन लावला आणि शनिवारचा ट्रेलर रद्द केला. मग रंगाचा डबा मागवला. अरबी अक्षरे शरीफभाईंनी काढली, मदरशात शिकलेली, वळणदार. खाली इंग्रजी साहेबांनी लिहिले. असर ते मगरिब उघडा, गुरुवार आणि शुक्रवारसुद्धा. ऑफिसने त्यावर तीन पत्रे पाठवली म्हणतात. साहेबांनी तिन्हींना उत्तरे दिली.

ते गेल्यावर शरीफभाईंनी माझ्यावर डोके टेकले आणि लहान मुलासारखे रडले. आनंदाने माणूस रडतो हे मला तेव्हा कळले. माझ्यात पाणी असते तर मीही रडलो असतो. मुस्कानची शाळा सुटणार नव्हती. त्यांचे घर एकत्र राहणार होते.

पुढची वर्षे माझ्या सुखाची गेली. ढीग पुन्हा तापले. थंडीत सकाळी इतकी वाफ निघायची की पलीकडचा डोंगर दिसेना. आमचे खत लिंबाच्या बागांत जाऊ लागले आणि ओढ्यातला धूर थांबला. शाळेची मुले सहलीला येत आणि माझ्यावर लोंबकळत. त्यांना रागवायचे सोडून शरीफभाई त्यांना झोके देत. डावी झडप आणखी कलली ती त्यामुळे, पण असू दे.

२००७ साली शरीफभाई निवृत्त झाले. त्यांच्या शेवटच्या दिवशी मगरिबची अजान झाली आणि नवा सुपरवायझर अमीन, रायगडचा तरतरीत गडी, किल्ली घेऊन पुढे आला. "चाचा, टाइम खलास," तो म्हणाला. शरीफभाईंनी मला धरून ठेवले. लांब रस्त्यावर एक पिकअप दिसत होती, मागचे एक चाक पंक्चर झाल्यासारखी रखडत येणारी. ती पोचायला वीस मिनिटे लागली. तोवर ते तसेच उभे राहिले. गाडी आत गेल्यावर त्यांनी किल्ली अमीनच्या हातात ठेवली.

"अजान ऐकून बंद कर," ते म्हणाले, "पण आधी रस्त्याकडे बघ."

आणि ते गेले. रईसाभाभी गाडीत बसल्या होत्या. मुस्कान आता सतरा वर्षांची झाली होती. मला हात करताना ती इंग्रजीत बाय म्हणाली, आणि मग आठवल्यासारखे मराठीत म्हणाली, "येते हं."

आता माझा रंग उडाला आहे. खालच्या गजाला गंज चढला आहे. अमीन मनाचा चांगला, पण ग्रीस लावायचे म्हणाल तर वर्षातून एकदा, तेही मी कोकलल्यावर. मित्रांनो, तुम्ही कुठल्याही दारातून जा, त्याच्या बिजागरीला महिन्यातून दोन थेंब तेल घाला. लोखंड बोलत नाही म्हणून त्याला दुखत नाही असे नसते. एवढीच माझी तक्रार.

मात्र एक गोष्ट अमीन कधी विसरत नाही. संध्याकाळी अजान होते, तो माझ्यावर हात ठेवतो आणि मान वळवून रस्ता बघतो. रस्ता रिकामा असेल तर मला लावतो. धूळ दिसली तर उभा राहतो, आणि मीही त्याच्याबरोबर उघडा राहतो.